बादली भरताना बॉयलर विझतो, गीझर वीस मिनिटांनी बंद पडतो

घरातली दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो. घरात ११ वर्षं जुना २४ किलोवॅटचा कॉम्बी बॉयलर आहे. डिसेंबरात साताऱ्याहून आईबाबा आलेत आणि तेव्हापासून गरम पाण्याचा नुसता घोळ चाललाय. बाबांना शॉवर जमत नाही, बादली-तांब्याच लागतो, तर टबात बादली ठेवून नळ सोडला की अर्धी बादली गरम, मग एकदम गारठा, मग परत गरम. आम्ही दोघं शॉवर घेतो तेव्हा मात्र काही त्रास नाही. मी बॉयलरवरचं गरम पाण्याचं तापमान ५० वरून ६० केलं तर उलट जास्तच व्हायला लागलं. एक जण बघून गेला, म्हणाला जुना झालाय, नवीनच बसवा. खरंच बदलावा लागेल का?

उत्तर : ताई, लगेच पैसे घालवू नका. शॉवर व्यवस्थित चालतोय आणि फक्त बादलीलाच गडबड होतेय, म्हणजे बॉयलरपेक्षा आधी नळाकडे बघायला पाहिजे.

कॉम्बीत साठवणीची टाकी नसते. नळ सोडला की आत पाणी वाहतंय हे बॉयलरला कळतं, मग तो पेटतो आणि वाहत्या पाण्यालाच तापवतो. पण हे कळायला पाणी ठरावीक वेगाने वाहावं लागतं, बऱ्याच कॉम्बींना मिनिटाला २ ते अडीच लिटर तरी लागतं, त्याखाली गेलं की ज्योत विझते आणि नळाला सरळ गार पाणी येतं. आता बाबा काय करत असतील बघा. पाणी टबाबाहेर उडू नये म्हणून आणि पाणी वाया घालवायचं नाही ही आयुष्यभराची सवय म्हणून नळ बारीक सोडत असतील, समजा गरम-गार मिळून मिनिटाला ४ लिटर. अंघोळीला ४० अंशाचं पाणी हवं आणि हिवाळ्यात तुमच्याकडे नळाचं पाणी ८ अंशाच्या आसपास येतं असं धरू. बॉयलर ४८ वर असेल तर त्या ४ लिटरांत गरम पाणी साधारण ३.२ लिटर लागतं. बॉयलर ६० वर नेला की तेवढ्याच अंघोळीला गरम पाणी अडीच लिटरच पुरतं, बाकीचं गार. म्हणजे तुम्ही तापमान वाढवलंत, बाबांना चटका बसला, त्यांनी गार नळ सोडून गरम आणखी बारीक केला, आणि पाणी नेमकं त्या काठावर आलं जिथे बॉयलर विझतो. पाणी गार झालं की ते घाईने गरम नळ मोठा करणार, बॉयलर परत पेटणार, की परत चटका. म्हणून तर वाढवल्यावर बिघडलं. शिवाय ६० अंशाच्या पाण्याने म्हाताऱ्या माणसाची कातडी काही सेकंदांत भाजते, त्यामुळे ते आजच खाली आणा.

असं करून बघा. बॉयलर ४८ वर ठेवा. ज्या बादलीचं माप माहीत आहे ती घ्या आणि फक्त गरम नळ पूर्ण सोडून मोबाईलवर वेळ लावा. १० लिटरची बादली एका मिनिटात भरली तर फ्लो मिनिटाला १० लिटर. २४ किलोवॅटचा बॉयलर एवढ्या पाण्याचं तापमान साधारण ३४-३५ अंशांनीच वाढवू शकतो, म्हणजे ८ चं ४२-४३ होणार, हिवाळ्यात पूर्ण सोडलेल्या नळाला ४८ मिळालं नाही तर तो बिघाड नाही, ताकदच तेवढी आहे. मग बाबांना सांगा, आधी गरम नळ भरपूर सोडायचा, तो तापला की गार हळूहळू मिसळायचं, आणि बादली भरली की दोन्ही बंद. अंघोळ चालू असताना बारीक धार सोडून ठेवायची नाही. पाणी वाया जात नाही, उलट बादली दीड-दोन मिनिटांत भरते. आई भांडी घासताना बारीक धारेखाली हात धुतात तिथेही हेच होत असणार, विचारून बघा.

एवढं करूनही पूर्ण सोडलेल्या नळाला गरम-गार लाटा येत असतील तरच बॉयलरवर संशय घ्यायचा. आधी किचनचा नळ बघा. किचनमध्ये नीट आणि एकाच ठिकाणी गडबड असेल तर तिथल्या मिक्सरची, म्हणजे गरम-गार मिसळणाऱ्या नळाची, आतली कार्ट्रिज गेलेली असते, गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं. सगळीकडेच असेल तर माझा पहिला अंदाज क्षार. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी जड आहे, तुमच्या किटलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच बॉयलरमधल्या प्लेट हीट एक्स्चेंजरच्या (बॉयलरच्या आतल्या पाण्याची उष्णता नळाच्या पाण्याला देणाऱ्या पत्र्यांच्या) बारीक फटींत बसतो. मग आतलं पाणी भराभर तापतं पण ती उष्णता नळाच्या पाण्यात उतरत नाही, बॉयलर स्वतःला वाचवायला ज्योत बंद करतो, जरा निवला की परत पेटवतो. ती प्लेट साफ करता येते किंवा बदलता येते, अख्ख्या बॉयलरच्या मानाने ते काम छोटं आहे.

अजून एक गोष्ट घरच्या घरी बघता येते. घराचं हीटिंग बंद असू दे, खोल्या तापवणारे रेडिएटर गार झाले की गरम नळ पाच मिनिटं सोडा आणि रेडिएटरला हात लावा. कोमट लागला तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह (उष्णता नळाला द्यायची की रेडिएटरला ते ठरवणारी झडप) अडकलाय, नळाची उष्णता रेडिएटरकडे पळतेय. आणि हो, बरेच जण अशा वेळी बॉयलरचं प्रेशर वाढवत बसतात. गार असताना १ ते दीड बार असलं की पुरे, ते रेडिएटरच्या पाण्याचं प्रेशर आहे, नळाच्या धारेशी त्याचा संबंध नाही.

बॉयलरचं कव्हर मात्र स्वतः उघडू नका. गॅस सेफ रजिस्टरवरचाच, म्हणजे तिकडच्या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीतलाच माणूस बोलवा (२००९ च्या आधी कॉर्गी नावाची यादी होती, आता ती चालत नाही), त्याचं कार्ड बघायला मागा, कुठलं काम करायची परवानगी आहे ते कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं. आणि त्याला ‘बॉयलर बघा’ एवढंच सांगू नका. कुठल्या नळाला, किती फ्लोला, किती अंशांवर काय झालं ते कागदावर लिहून त्याच्या हातात द्या, म्हणजे तो तिथूनच सुरुवात करेल.

तुमच्या ओळखीत कोणाकडे टाकीवाली सिस्टीम असेल तर त्यांना हे ४८ सांगू नका. साठवलेलं पाणी ६० अंशांवरच ठेवावं लागतं, नाहीतर त्यात लीजिओनेला नावाचा जंतू वाढतो.

प्रश्न : आमच्याकडे नाशिकला बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. माझी अंघोळ होते, मुलांची होते आणि मग आजीच्या वेळी साधारण वीस मिनिटांनी तो आपोआप बंद पडतो. नळ बंद करून परत सोडला की चालू. मेकॅनिक म्हणतो आतला टायमर काढून टाकतो, काढू का? शिवाय उन्हाळ्यात पाणी अंगाला लावता येत नाही इतकं कढत येतं.

उत्तर : नाही, काढू नका आणि त्या मेकॅनिकला परत घरात घेऊ नका. वीस मिनिटांनी बंद पडणं हा बिघाड नाही, बऱ्याच गॅस गीझरमध्ये ती सोय मुद्दाम केलेली असते. बंद बाथरूममध्ये ज्योत हवेतला ऑक्सिजन खाते, हवा कमी पडायला लागली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे झोंबत नाहीत, माणसाला नुसतं गरगरतं आणि तो खाली बसतो, दार आतून लावलेलं असतं. आणि शेवटी अंघोळीला जाते आजी, म्हणजे आधीच्या सगळ्यांच्या अंघोळींनी खराब झालेली हवा तिच्या वाट्याला येते. असे मृत्यू आपल्याकडे दर हिवाळ्यात पेपरात येतात.

कढत पाण्याचं सोपं आहे. तुमच्या गीझरला समर-विंटर बटण असेल तर ते समरवर करा, त्याने ज्योत कमी होते, मग गॅसचा नॉब कमीत कमीवर आणि पाण्याचा नॉब पूर्ण उघडा. ज्योत कमी आणि पाणी जास्त, म्हणजे ते कमी तापणार. एवढं करूनही कढत असेल तर गच्चीवरच्या टाकीतून दाबच कमी येत असेल किंवा गीझरच्या तोंडाशी जाळी असते ती तुंबली असेल, ती प्लंबरकडून साफ करून घ्या.

पण त्याच्या आधी गीझर बाथरूममधून बाहेर काढा. ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. ते होईपर्यंत आजीची बादली स्वयंपाकघरात पाणी तापवून भरा, आणि ती भरलेली बादली तिला उचलायला लावू नका.