गर्दी होती, मग दुकान बंद का पडलं?

जुन्या दुकानांच्या आठवणी पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर एवढं टपाल आलं की सगळं छापणं शक्य नाही. त्यातले तीन प्रश्न आज घेतेय, बऱ्याच जणांनी थोड्याफार फरकानं हेच विचारलंय.

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही जावा-जावा २६ जानेवारीच्या सुमाराला पुण्याला बिग बझारला जायचो, "सबसे सस्ता दिन"ची जाहिरात आली की सकाळची पहिली स्वारगेट एसटी धरायची. बिलाच्या रांगेत पाय दुखायचे एवढी गर्दी असायची. नणंदेच्या घराजवळ सुभिक्षा होतं, तेही कायम भरलेलं. दोन्ही बंद झाली. एवढं गिऱ्हाईक असताना दुकान बुडतं कसं, हेच डोक्यात शिरत नाही.
एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर: अहो ताई, गर्दी बघून दुकानाची तब्येत कळत नाही, हेच आधी सांगते. गल्ल्यात पडणारा पैसा काही सगळा दुकानाचा नसतो, त्यातला मोठा हिस्सा माल देणाऱ्याचा, मग जागेचं भाडं, लाईट बिल, पगार, बँकेचं व्याज, आणि किराण्यात हातात उरतं ते फार थोडं. त्यात दर महिन्याला नवीन दुकानं काढायची म्हटलं की डिपॉझिट, रॅक, पहिला माल यात पैसा अडकतो तो लगेच सुटत नाही. जोवर बँक देतेय आणि माल देणारा उधारीवर थांबतोय तोवर गाडी चालते. त्यानं माल द्यायचं बंद केलं की संपलं. माझं ठाम मत आहे की या साखळ्या गिऱ्हाईक नाही म्हणून मेल्या नाहीत, माल देणाऱ्याचे पैसे थकले म्हणून मेल्या.

सुभिक्षाचं बघा. १९९७ ला चेन्नईत सुरू झालं, एसी नाही, चकचकाट नाही, गल्लीतलंच साधं दुकान पण एमआरपीपेक्षा स्वस्त, औषधंसुद्धा स्वस्त, कल्पना खरंच चांगली होती आणि मध्यमवर्गाला ती पटलीही. पण २००६ नंतर जी वाढ केली ती अंगावर आली, २००८ पर्यंत देशभरात १६०० च्या आसपास दुकानं, आणि तीही मुख्यतः कर्जावर. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली, सगळीकडे बँकांनी हात आखडता घेतला, आणि इथं रोजचा माल भरायला पैसे उरले नाहीत. २००९ च्या सुरुवातीला शटर खाली. पगार थकले होते, सिक्युरिटीवालेही निघून गेले, काही दुकानांत तर चोऱ्या झाल्या. त्या पोरापोरींचं मला जास्त वाईट वाटतं, पहिली नोकरी, पहिला युनिफॉर्म, आणि दोन-तीन महिन्यांचा पगार अडकलेला.

बिग बझारची गोष्ट लांबलचक आहे. किशोर बियाणींनी २००१ ला कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू अशी पाठोपाठ दुकानं उघडली. आपल्या माणसाला फार टापटीप दुकानात शिरायला संकोच वाटतो हे त्यांना बरोबर कळलं होतं, म्हणून गहू-तांदूळ उघड्या पिंपात ठेवलेले, हात घालून बघा, मूठभर घ्या, वास घ्या, वरनं लाऊडस्पीकरवर सारखी घोषणा. तुम्ही म्हणता तो "सबसे सस्ता दिन" २००६ च्या २६ जानेवारीला पहिल्यांदा झाला आणि काही शहरांत गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. पण बियाणींच्या फ्युचर ग्रुपवर कर्ज आधीपासून होतं आणि २०२० चा लॉकडाऊन आला तसं सगळंच उघडं पडलं. त्याच ऑगस्टमध्ये दुकानांचा धंदा रिलायन्सला विकायचा २४,७१३ कोटींचा सौदा ठरला, पण ॲमेझॉननं आधी ग्रुपच्या एका कंपनीत पैसे घातले होते, त्यांनी हरकत घेतली आणि प्रकरण लवादात नि कोर्टात अडकलं. तोवर भाडी थकली. बऱ्याच दुकानांच्या जागा रिलायन्सनं आपल्या नावावर भाड्यानं घेतल्या आणि २०२२ च्या फेब्रुवारीत दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली, म्हणून तुम्हाला त्याच बिल्डिंगवर एक दिवस स्मार्ट बझारची पाटी दिसली असेल. जुलै २०२२ मध्ये बिग बझार चालवणारी फ्युचर रिटेल ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडात वुलवर्थ्स नावाची साखळी होती, पेन्सिलीपासून सुट्ट्या गोळ्या-चॉकलेटांपर्यंत सगळं मिळायचं, ८०७ दुकानं, जवळपास २७,००० माणसं कामाला. माल देणाऱ्यांच्या उधारीला विमा देणाऱ्या कंपन्यांनी २००८ मध्ये अंग काढून घेतलं, मग माल देणारे म्हणाले रोख द्या, रोख होती कुठं? जानेवारी २००९ ला सगळी बंद. म्हणजे सुभिक्षा आणि वुलवर्थ्स एकाच हिवाळ्यात गेली, कारणही जवळजवळ तेच.

याच्या उलट डी-मार्ट बघा. राधाकिशन दमाणींनी आधी १९९९ ला नेरूळला अपना बाजार या सहकारी ग्राहक भांडाराची फ्रँचायझी चालवून बघितली, मग २००२ ला पवईला स्वतःचं दुकान काढलं. जागा शक्यतो विकतच घ्यायची, दुकानं सावकाश वाढवायची आणि माल देणाऱ्याचे पैसे झटपट चुकते करायचे, हा त्यांचा शिरस्ता. माल स्वस्त मिळतो तो त्यातूनच.

एक खूण सांगून ठेवते. दुकान अडचणीत आलं की रॅक एकदम रिकामे दिसत नाहीत. पुढची रांग नीट भरलेली असते, मागे हात घातला तर फळी मोकळी. नाहीतर जिथं सहा कंपन्यांची बिस्किटं असायची तिथं एकाच कंपनीचे पुडे फळीभर पसरलेले. तुमचा नेहमीचा साबण तीन वेळा "उद्या येईल" असं ऐकायला मिळालं की समजायचं, माल देणाऱ्यानं गाडी पाठवणं थांबवलंय.

प्रश्न: बंद पडलेल्या एका मोठ्या दुकानाचं दोन हजारांचं गिफ्ट व्हाउचर कपाटात सापडलंय, भाच्याच्या मुंजीत आलेलं. त्याच जागी आता दुसरं दुकान आहे, ते घ्यायला तयार नाहीत. काही करता येईल का?
एक वाचक, कराड

उत्तर: दादा, खरं सांगायचं तर आशा फार कमी. नवीन कंपनीनं नुसती जागा भाड्यानं घेतली असेल तर जुन्या कंपनीचं देणं तिच्या गळ्यात पडत नाही, त्यामुळे त्या काउंटरवरच्या पोरांशी भांडू नका, त्यांच्या हातात काहीच नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली की ठरावीक तारखेपर्यंत आपला दावा नोंदवायचा असतो आणि ते चालू असेपर्यंत वेगळी केस करता येत नाही. पुढं कंपनी मोडीत निघाली तर पैसे वाटायचा क्रमही कायद्यात ठरलेला आहे: आधी त्या प्रक्रियेचाच खर्च, मग कामगारांची शेवटच्या २४ महिन्यांची देणी आणि तारण घेतलेल्या बँका बरोबरीनं, मग बाकी कर्मचारी, बिनतारणाची कर्जं, सरकारी देणी, आणि मग उरलेसुरले, ज्यात तुमचं व्हाउचर येतं. तिथवर पैसा सहसा पोचतच नाही. तरी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला एक फोन करून बघा, पैसे पडत नाहीत. आणि इथून पुढं कुणी व्हाउचर दिलं तर ते त्याच महिन्यात वापरा, ते म्हणजे तुम्ही दुकानाला दिलेलं बिनव्याजी, बिनतारणाचं कर्ज आहे.

प्रश्न: माझे वडील सहकारी ग्राहक भांडारात काउंटरला होते, ते भांडार कधीच बंद झालं. त्यांनी ठेवलेली बिलबुकं, सभासदांची पासबुकं, छापील कागदी पिशव्या घरात आहेत. मुलगा म्हणतो रद्दी आहे, देऊन टाका. मला जीव होत नाही. याला काही किंमत आहे का?
एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: अजिबात देऊ नका. मॉलवर लिहिणारे खूप आहेत, ग्राहक भांडारांबद्दल कुणी लिहीत नाही आणि कागद तर त्याहून कमी उरलेत. मुंबईत गिरणी कामगारांच्या वस्तीत, नायगावला, १९४८ मध्ये अपना बाजारची सुरुवात झाली, आणि त्या गिरण्यांत आपल्या सातारा-सांगलीकडची किती माणसं होती हे मी सांगायला नको. १९६२ च्या चीन युद्धानंतर महागाई आणि साठेबाजी वाढली तेव्हा केंद्र सरकारनं ग्राहक भांडारांना पैसा द्यायची योजना काढली. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीत सुपर बझार उघडलं, जे २००२ ला बंद पडलं. इकडं वारणानगरला तात्यासाहेब कोरेंच्या सहकारी पसाऱ्यात वारणा बझार उभं राहिलं आणि शेतमजुराच्या बायकोलाही साडी, बादली, तेल एका छताखाली घेता आलं. माझ्या मते साध्या माणसाला मोठ्या दुकानाची पहिली ओळख सहकारानं करून दिली, मॉल नंतर आले.

साखर, पामतेल, कंट्रोलचं म्हणजे सरकारी दरातलं कापड, जूनमधल्या स्वस्त वह्या यासाठी लोक तिथं रांग लावायचे. हे सगळं बाहेर मोकळं मिळायला लागलं तशी रांग ओसरली, आणि ज्या संचालकांनी वेळेत बदल केला नाही त्यांची भांडारं गेली. इथं मात्र गिऱ्हाईकच तुटलं, वर सुभिक्षाबद्दल बोलले त्यापेक्षा हे वेगळं आहे.

तुमच्या वडिलांच्या बिलबुकात १९७० किंवा ८० च्या दिवाळीत सांगलीतल्या एका घरात किती रवा, किती डालडा, किती साबण गेला हे ओळीनं लिहिलेलं असणार, असा कागद कुठल्या सरकारी अहवालात सापडत नाही. जवळच्या कॉलेजच्या इतिहास किंवा अर्थशास्त्र विभागाला एकदा दाखवा, नाहीतर नगर वाचनालयात विचारा, पण मूळ कागद देण्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा. मुलाला सांगायचं असेल तर हे सांगा, वुलवर्थ्स बंद झाल्यावर तिथल्या सुट्ट्या गोळ्यांची शेवटची पिशवी लिलावात १४,५०० पौंडांना गेली, आणि त्यात नुसत्या गोळ्या होत्या.

कार्बन लावून बॉलपेननं लिहिलेली बिलं टिकतात, त्यांना फक्त ओल आणि वाळवी लागू देऊ नका, पिना नि टाचण्या काढून टाका, गंजून कागद खातात. नंतरच्या काळातली मशीनवरची गुळगुळीत बिलं असतील तर त्यांची आजच साध्या कागदावर झेरॉक्स काढा, तो कागद उष्णतेनं उमटणारा असतो आणि काही वर्षांत आपोआप कोरा होतो. हौसेनं लॅमिनेशन करायला तर चुकूनही नेऊ नका, मशीनच्या गरमीनं अख्खं बिल काळं पडतं.