टेक्सासला येऊ का, असं विचारणाऱ्या जेनेटिक काउन्सेलरला

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात फीटल मेडिसिनमध्ये, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या आजारांच्या विभागात, जोडप्यांना आनुवंशिक चाचण्या समजावणारं काउन्सेलिंग करतेस, अमेरिकेत येऊन पुन्हा मास्टर्स करायचंय, टेक्सासचा कोर्स स्कॉलरशिप देतोय, इलिनॉयचा देत नाही. गर्भपाताच्या कायद्यांमुळे आपल्या कामात खरंच फरक पडतो, की नुसत्या बातम्या? मी हेच काम टेक्सासमध्ये करते. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून ‘तू’ म्हणते, चालेल ना?

व्हिसा, बोर्डाची परीक्षा, आपली पदवी इथे का चालत नाही, हे सगळं साइट्सवर आहे. ते सोडते.

फरक पडतो. सगळा खेळ आठवड्यांचा आहे. एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तावरून गर्भाच्या गुणसूत्रांचा अंदाज देणारी चाचणी, दहाव्या आठवड्यापासून, आणि ते निदान नव्हे हे तूही रोज घसा कोरडा करून सांगत असशील. खात्री करायची तर सीव्हीएस (वारेचा नमुना) दहा ते तेरा आठवड्यांत, नाहीतर पंधराव्यानंतर अ‍ॅम्निओ (गर्भजलाची तपासणी). हृदयाचे, मेंदूचे कितीतरी दोष अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीपर्यंत कळतच नाहीत. टेक्सासने 1 सप्टेंबर 2021 ला गर्भपाताची जी रेषा ओढली ती साधारण सहाव्या आठवड्यावर. म्हणजे आपलं काम सुरू होण्याआधीच दार बंद. पुढे 24 जून 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’चा, म्हणजे देशभर गर्भपाताचा हक्क देणारा, 1973 चा निकाल मोडीत काढला आणि त्याच ऑगस्टपासून इथे जवळजवळ पूर्ण बंदी आली. आईच्या जिवावर बेतलं तर अपवाद आहे. बाळ जन्मून जगणार नाही, याला अपवाद नाही. डिसेंबर 2023 मधलं केट कॉक्सचं प्रकरण वाच: गर्भाला ट्रायसोमी 18 हा गुणसूत्रांचा गंभीर दोष, खालच्या कोर्टाने परवानगी दिली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अडवली, आणि शेवटी तिला राज्याबाहेर जावं लागलं.

गंमत बघ. 2008 मध्ये मुंबई हायकोर्टाने हृदयात दोष असलेल्या गर्भाबाबतचा अर्ज फेटाळला, तेव्हा आपल्याकडे वीस आठवड्यांची मर्यादा होती आणि मी मनात म्हटलं होतं, अमेरिकेत असलं काही नसेल. आपल्या गर्भपाताच्या एमटीपी कायद्याची दुरुस्ती लागू झाली 24 सप्टेंबर 2021 ला: काही गटांसाठी चोवीस आठवडे, गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डामार्फत त्यापुढेही. त्याच महिन्यात मी इथे सहा आठवड्यांच्या कायद्याखाली काम करायला शिकत होते. बोर्डाच्या चकरांना तुम्ही शिव्या घालता, घाला. इथे चकरा मारायलाही बोर्ड नाही.

टेक्सासच्या 2021 च्या त्या कायद्यात गर्भपाताला मदत करणाऱ्यावर कोणीही ऐरागैरा दावा लावू शकतो, किमान 10,000 डॉलरचा. मग न्यू मेक्सिकोतल्या क्लिनिकचा फोन नंबर देणं ही मदत का? आमच्या वकिलांनी एक वाक्य मंजूर करून दिलं: ‘इतर राज्यांतले कायदे वेगळे आहेत.’ बस. समोरची बाई विचारते, म्हणजे कुठे जाऊ? मी तेच वाक्य पुन्हा म्हणते. जिच्याकडे पैसे आहेत, रजा आहे, ती घरी जाऊन शोधते आणि न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीचं विमान पकडते. जिच्याकडे नाहीत तिची पुढची अपॉइंटमेंट माझ्याकडेच असते.

आपल्याला शिकवलं जातं की काउन्सेलरने कल देऊ नये, सगळे पर्याय सारख्या वजनाने मांडावेत. पुण्यात सासूबाई खुर्ची ओढून मध्येच बसतात आणि ‘मॅडम, तुम्हीच सांगा काय करायचं’ म्हणतात, तेव्हा हे पाळणं अवघड असतं. इथे सासूबाई नाहीत, कायदा बसलाय. एक पर्याय कुजबुजत सांगायचा आणि दुसरा मोकळेपणी, याला मी तटस्थपणा म्हणत नाही. म्हणून या व्यवसायात अ‍ॅडव्होकसी, म्हणजे हक्कांसाठी जाहीरपणे बोलणं, हा फावल्या वेळचा उद्योग उरलेला नाही. आमची राष्ट्रीय संघटना, 1979 ची एनएसजीसी, गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने उघडपणे उभी आहे. माझ्या सहकारी विधिमंडळात साक्ष द्यायला जातात, पत्रांवर सह्या करतात.

मी सही केली नाही. एच-1बी हा माझा कामाचा व्हिसा मालकाला बांधलेला, नोकरी गेली तर हातात साठ दिवस, आणि ग्रीन कार्डची भारतीयांची रांग दशकापलीकडची. बोलू नकोस असं मला कोणी सांगितलेलं नाही, सांगावं लागतच नाही. चूक केली असं वाटत नाही, बरोबर केलं असंही नाही. तुझा प्रश्न वाचून रात्रभर हेच डोक्यात होतं, म्हणून उत्तर एवढं लांबलंय.

आणखी एक, जे तुला कोणी सांगणार नाही. तू पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याच्या, जगातून येणार: सोनोग्राफीचा फॉर्म एफ, भिंतीवर पाटी, लिंग हा शब्दही उच्चारायचा नाही. इथे एनआयपीटीच्या रिपोर्टवर मुलगा की मुलगी हे सरळ छापून येतं. पहिल्यांदा ते मोठ्याने सांगताना माझी जीभ अडखळली होती. पण भारतीय जोडप्याने तोच प्रश्न विचारला की खोलीतली हवा बदलते. अ‍ॅरिझोनाने 2011 मध्ये लिंगनिवडीच्या गर्भपातावर बंदी आणली तेव्हा रोख कोणाकडे होता, ते आपल्याला कळतं. इंडियाना राज्यात पूर्वी पटेल या भारतीय वंशाच्या बाईला स्वतःच्या गर्भपातावरून 2015 मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. भ्रूणहत्येचा ठपका पुढच्या वर्षी अपिलात रद्द झाला, पण दरम्यान ती तुरुंगातच होती. तू काउन्सेलर आणि तूच संशयित, अशा दोन्ही खुर्च्यांवर बसायची तयारी ठेव.

कागदपत्रं. पदवीवर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर नवऱ्याचं, मार्कशीटवर आडनाव आधी. इथल्या तपासणाऱ्यांच्या मते या तीन वेगळ्या बायका. विद्यापीठाचं सीलबंद पाकीट मागवलं तर ते आलं माहेरच्या नावाने, आणि परत गेलं. लग्न झालं असेल किंवा होणार असेल तर नाव बदलू नकोस. प्रेमाने, आग्रहाने कोणी कितीही म्हणो.

मुलीची शाळा. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. 2021 च्या दुसऱ्या एका, शाळांच्या कायद्यानंतर इथे लैंगिक शिक्षणाच्या तासाला बसायला पालकांची लेखी संमती लागायला लागली. तो फॉर्म माझ्यापर्यंत आलाच नाही. दिवसभर बायकांना गुणसूत्रं समजावणाऱ्या आईची मुलगी तेवढे तास लायब्ररीत बसून होती. शाळेने ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं. ती विसरली, मी नाही.

एकटेपणा येतो. कामाला लागलं की जातो. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

इलिनॉयला जा. आजूबाजूच्या बंदीच्या राज्यांतून पेशंट तिथे येतात, त्यामुळे निदानानंतरचं अख्खं संभाषण तुला शिकायला मिळेल. ते अर्धवट शिकलीस तर पुढे कुठेही अडेल. स्कॉलरशिपचा आकडा मोठा आहे हे कळतं. टेक्सासचाच हट्ट असेल तर मुलाखतीत त्यांना दोन गोष्टी विचार: प्रीनेटल (गर्भवतींच्या विभागातलं) पोस्टिंग राज्याबाहेर करता येतं का, आणि गंभीर निदानानंतर विद्यार्थ्याने काय बोलायचं हे लेखी देता का. दुसऱ्या प्रश्नावर ते गप्प बसले तर फॉर्म इलिनॉयचाच भर.