महिन्यामागचं कारण दाखव

लेकरा, अनेक आशीर्वाद.

कुठल्या महिन्यात शेअर घ्यायचे नि कुठल्या महिन्यात विकायचे, हे ठरवायला केलेला तुझा तक्ता पाहिला. बारा महिने, वीस वर्षं, सेन्सेक्स, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, चढला तिथं हिरवं, पडला तिथं लाल. मेहनत दिसते. पण कारणाचा रकाना कुठाय?

आपल्या लातूरच्या अडतीवर दसरा-दिवाळीला सोयाबीन का पडतं, हे तुला ठाऊक आहे. एकदम आवक, मालात ओलावा बारा टक्क्यांच्या वर आणि शेतकऱ्याला रब्बीच्या पेरणीसाठी पैशाची घाई. तिथं महिन्याला कारण आहे. शेअरला कसली सुगी? अमेरिकेत जानेवारीत लहान कंपन्या चढायच्या, कारण तिथलं कराचं वर्ष संपताना, डिसेंबरात, कर वाचवायला लोक तोट्यातले शेअर विकायचे आणि जानेवारीत परत घ्यायचे. आपलं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. मग तो जानेवारी इथं कशाला आणतोस?

हे मी का सांगतोय? एप्रिल 2009 मध्ये 'मे वाईट' म्हणून मी सगळं विकून बसलो होतो. 18 मेला, निवडणुकीच्या निकालानंतरच्या सोमवारी, दलालाच्या कार्यालयात पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभा होतो. मिनिटभरात वरचं सर्किट, म्हणजे चढण्याची ठरलेली मर्यादा, लागून बाजार थांबला. परत उघडला, परत थांबला. सेन्सेक्स 2,110 अंकांनी वर. ग्लास तसाच हातात. खाली येईल म्हणून दीड वर्ष वाट पाहिली आणि शेवटी 2010 च्या दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यात, सेन्सेक्स 21,000 वर असताना घेतलं. पुढच्या वर्षअखेरीस सेन्सेक्स 15,500 च्या खाली होता. थोरलीच्या शिक्षणाचे पैसे होते ते. विकताना कारण नव्हतं, घेतानाही नव्हतं.

आणि वर्षाच्या आत विकलंस तर नफ्यावर 20 टक्के कर. वर्ष उलटल्यावर साडेबारा, तोही सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. तक्त्यात हे धरलंस का? दर मे महिन्यात विकून दिवाळीला घेणाऱ्याचं वर्ष कधी भरणार, सांग बरं!

मी भित्रा झालो असं घरात म्हणतात. भित्रा असतो तर 23 मार्च 2020 ला, सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी कोसळला तेव्हा, एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा जाणारा ठरावीक हप्ता, बंद केली असती. नाही केली. कंपन्या बुडाल्या नव्हत्या, मला विकायला कारण नव्हतं. माझं बरोबरच होतं.

तू हुशार आहेस, म्हणून रागावतो. एसआयपीला हात लावू नकोस. तक्त्यात एक रकाना वाढव, प्रत्येक महिन्यापुढं कारण लिही. जिथं सुचणार नाही तिथं कोरं सोड, ओढूनताणून भरू नकोस. दसऱ्याला येशील तेव्हा वही घेऊन ये, ओसरीवर बसून बघू.