वागातोरला जा, पण एफडीला हात लावू नका

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात सुपरवायझर असलेल्या २९ वर्षांच्या वाचकाने विचारले आहे : हातात पगार ३२,००० रुपये, बुलेटचा हप्ता ५,२००, घरखर्चाला १८,००० आणि दीड लाखाची एकच एफडी. नोव्हेंबरमध्ये गोव्यात वागातोरला होणाऱ्या रॉयल एनफिल्डच्या मोटोव्हर्स या बाइकस्वारांच्या मेळाव्याला मित्रांसोबत जायचे आहे. खर्च ८५,०००. एफडी मोडू, की पर्सनल लोन घेऊ?

दोन्ही नको. पण जा नक्की. पूर्वी रायडर मेनिया म्हणून ओळखला जाणारा हा मेळावा तीन दिवसांचा असतो आणि देशभरातून लोक गाडी चालवत तिथे येतात. तुमच्या वयात ही हौस करायलाच हवी.

आधी एफडी का नको ते सांगतो. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला २३,२०० लागतात. सहा महिन्यांचे झाले १,३९,२००. म्हणजे तुमची दीड लाखाची एफडी ही नेमकी अडीअडचणीची शिल्लक आहे, आणि वडील निवृत्त असल्याने घरात दुसरा पगार नाही. कारखान्याला ऑर्डर कमी झाली तर काय होते, हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. एफडीवर कर्ज घेतले तर व्याज कमी पडेल, पण अडकून पडतील ते हेच पैसे.

आता लोन. ८५,००० रुपये १६ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ४,१६० आणि एकूण व्याज जवळजवळ १५,०००. प्रोसेसिंग फी वेगळी. पुढच्या वर्षीचा मोटोव्हर्स येईल तेव्हाही तुम्ही यंदाचेच हप्ते भरत असाल.

तुमच्या ८५,००० मध्ये प्रवास आणि राहणे ३५,०००, जॅकेट-बूट वगैरे २०,००० आणि सायलेन्सर, अलॉय, लाइट यांचे ३०,००० आहेत. हे शेवटचे तीस हजार सरळ कापा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बेकायदा आहे, पोलीस दंड करतात, आणि असा बदल विमा कंपनीला न सांगता केला तर क्लेमच्या वेळी वाद होतो. जॅकेट, ग्लोव्ह्ज, गुडघ्याचे गार्ड मात्र घ्याच. हेल्मेट आयएसआयचे आहे असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा बाकीचे १५,००० मध्ये बसेल.

प्रवासखर्चही खाली येईल. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबोलीतून उतरलात तर एका बाजूचे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडते. तिथले फिरणे धरूनही पेट्रोल चार हजारांत भागेल; दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही आणि गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त असते, म्हणून टाकी हद्द ओलांडल्यावर फुल करा. खरा खर्च खोलीचा. मेळाव्याच्या दिवसांत वागातोरचे दर चढतात, त्यामुळे म्हापसा किंवा शिवोलीत दोघांत एक खोली आताच धरा. तिकिटासह सगळे २०,००० मध्ये बसवा.

सर्व्हिसिंग आणि विम्याला ५,००० धरले की बेरीज ४०,०००. आजपासून पाच महिने दरमहा ५,००० बाजूला टाका, त्यात दिवाळीचा १५,००० बोनस घाला, झाले. महिन्याला ८,८०० उरतात, त्यातून हे जमेल. थोडे ओढून धरावे लागेल, पण पाचच महिने.

मला खरी काळजी विम्याची वाटते. नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, विमा पाच वर्षांचा मिळतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा, बहुधा एकाच वर्षाचा असतो. तुमची गाडी अडीच वर्षांची आहे. मधे नूतनीकरण केल्याचे पत्रात कुठेच नाही. ते राहिले असेल तर घाटात गाडी घसरल्यावर दुरुस्तीचा एक रुपयाही मिळणार नाही, आणि मग एफडी मोडावीच लागेल. मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात कव्हर चालू आहे का, तेही बघा. दारू पिऊन चालवताना अपघात झाला तर ओन डॅमेजचा क्लेम नाकारला जातो, हे ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगा.

थर्ड पार्टी चालू असताना ओन डॅमेजची पॉलिसी स्वतंत्रपणे, दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येते. खंड पडला असेल तर कंपनी आधी गाडीची तपासणी मागेल, आणि नव्वद दिवसांपेक्षा जास्त खंड असेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गेला असे समजा. म्हणून खोली धरण्याआधी, याच आठवड्यात पॉलिसीचा कागद काढून थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज कधी संपतात, त्या दोन्ही तारखा तपासा.