कावळ्याचे पाय आणि म्हशीचं दूध

प्रश्न : ताई, मी बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा गावातल्या दूध संस्थेचे सचिव. प्रोजेक्ट म्हणून संस्थेचं संकलन डेटाबेसमध्ये बसवायचं ठरवलं आणि टेबलांची आकृती काढून त्यावरून डेटाबेस बनवणारं मायएसक्यूएल वर्कबेंच उतरवून घेतलं. रजिस्टरात एका उत्पादकाला एक पान आणि त्यावर दहा दिवसांची नोंद असते, म्हणून मीही टेबल तसंच केलं. कोड, नाव, गाव, मोबाइल हे चार कॉलम, आणि पुढे रोजच्या दोन्ही वेळेचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) असे दहा दिवसांचे ६०. एकूण ६४ झाले. सर म्हणाले, आधी मॉडेल काढ, म्हणजे टेबलांचे चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. काढायला घेतलं तर एकच चौकोन आला आणि तोही पडद्याबाहेर गेला. मग रेघ कुठून कुठे मारायची? शिवाय तुटक आणि सलग अशा दोन रेघा आहेत, त्यातली कोणती घ्यायची?
— विद्यार्थिनी, शिरोळ तालुका

उत्तर : चौकोन पडद्याबाहेर गेला ते बरंच झालं. लहान असता तर तू तो तसाच जमा केला असतास.

रजिस्टरचं पान वाचणाऱ्याच्या सोयीनं आखलेलं असतं. बिल दहा दिवसांनी निघतं, म्हणून पानावर दहा ओळी. पण ३१ तारखेच्या महिन्यात शेवटचं बिल ११ दिवसांचं असतं. बाबा पानाच्या खाली पेन्सिलनं एक ओळ वाढवतात. तू काय, सहा कॉलम वाढवणार? आणि फेब्रुवारीत ते रिकामे ठेवणार?

तेव्हा वर्कबेंच आजच्या दिवस बंद ठेव. उद्या सकाळी संकलनाला बाबांच्या शेजारी वही घेऊन उभी राहा आणि एक किटली काट्यावर आली की काय घडलं ते एका वाक्यात लिही. ‘कोड ४७ नं आज सकाळी म्हशीचं साडेपाच लिटर दूध घातलं, फॅट ६.८ लागली, एसएनएफ ९.१.’ हे वाक्य म्हणजे तुझ्या ‘संकलन’ टेबलातली एक ओळ. यात नाव नाही, गाव नाही, मोबाइल नाही, कारण ते किटलीबरोबर बदलत नाहीत. ते ‘उत्पादक’ टेबलात एकदाच.

मग बाबांना छळायला सुरुवात कर. एकाच घरातून गाईचं आणि म्हशीचं, दोन्ही दूध येतं का? सकाळी एकदा घालून गेलेला माणूस त्याच पाळीत उरलेलं घेऊन परत येतो का? कुणी संस्था सोडली तर त्याचा कोड दुसऱ्याला देतात का? या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक सचिव जरा घुटमळतात आणि मग ‘देतो की’ म्हणतात. तसं असेल तर कोड ही प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख, होऊ शकत नाही. आपला वेगळा क्रमांक ठेवायचा आणि कोड नुसता एक कॉलम म्हणून. हे कुठलंही सॉफ्टवेअर तुला सांगणार नाही. ते तुझ्या बाबांनाच ठाऊक आहे.

आता वर्कबेंच उघड. नवं मॉडेल घे, त्यात आकृतीचं पान जोड, दोन टेबलं ठेव. नावं रोमन लिपीत दे, टायपायला सुटसुटीत. इथे मी मराठीत लिहिते आहे. डाव्या पट्टीतलं एकास-अनेकचं (एक उत्पादक, त्याच्या अनेक नोंदी) तुटक रेघेचं चिन्ह घे आणि आधी ‘संकलन’वर क्लिक कर, मग ‘उत्पादक’वर. सगळे उलटं करतात. ज्या टेबलात दुसऱ्या टेबलाचा क्रमांक यायचा ते आधी. बरोबर केलंस तर ‘संकलन’मध्ये एक कॉलम आपोआप उगवेल आणि रेघेच्या त्या टोकाला तीन बोटं फुटतील. त्याला कावळ्याचा पाय म्हणतात. जिकडे पाय, तिकडे अनेक.

तुटक की सलग, याचं उत्तर असं (इथे ‘उत्पादक’ टेबल म्हणजे वडील, ‘संकलन’ म्हणजे पोर) : वडिलांच्या क्रमांकाशिवाय पोराला स्वतःची ओळखच नसेल, म्हणजे वडिलांची की पोराच्या प्रायमरी कीचा भाग होत असेल, तर सलग. संकलनाच्या ओळीला तू स्वतंत्र क्रमांक देणार आहेस, म्हणून तुटक. यावर दोन दिवस घालवू नकोस.

वेळ घालव तो पुढच्या गोष्टीवर. एका उत्पादकाची एका तारखेला, एका पाळीला, एका जनावराची एकच नोंद असावी, असं बाबा म्हणाले असतील तर तो नियम टेबलात आला पाहिजे. तिथे हमखास पाय घसरतो. कॉलमांच्या यादीत ‘यूक्यू’ची, म्हणजे युनिकची, चौकट दिसते, मुलं चारही कॉलमांपुढे बरोबरची खूण करून मोकळी होतात. त्याचा अर्थ प्रत्येक कॉलम एकटाच अद्वितीय, असा होतो. मग आजच्या तारखेला पहिली किटली नोंदली जाते आणि दुसऱ्याच माणसाला डेटाबेस हाकलून देतो. त्या खुणा काढ. खालच्या ‘इंडेक्सेस’ टॅबमध्ये युनिक प्रकारचा एकच इंडेक्स कर आणि त्यात चारही कॉलम घाल. परत येऊन त्याच पाळीत घालणारे असतील तर हा नियमच लावू नकोस. नाहीतर बाबा तुझं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी बंद करतील.

लिटर, फॅट, एसएनएफ आणि रक्कम यांना डेसिमल हा प्रकार दे, फ्लोट नको. फ्लोटमध्ये ०.१ सुद्धा नेमकं बसत नाही. दहा दिवसांच्या बेरजेत पैसा इकडेतिकडे झाला की उत्पादक तुझ्याकडे नाही, बाबांकडे येतो.

दराचं मात्र माझ्या अनुभवावरून सांगते. १९९४ साली मी एका संस्थेला फॉक्सप्रो या तेव्हाच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये असंच काम करून दिलं होतं. तेव्हा नवी नवी शिकले होते, एकच गोष्ट दोनदा साठवायची नाही हा मंत्र डोक्यात पक्का. म्हणून संकलनात फक्त लिटर, फॅट, एसएनएफ ठेवलं. दर हा बिल काढताना दरपत्रकातून यायचा. दर बदलला तेव्हा मी जुना आकडा पुसून नवा टाकला. दिवाळीच्या तोंडावर उत्पादकांना द्यायचा फरक काढायला मागची बिलं पुन्हा छापली, तर सगळी बिलं नव्या दरानं! हातातली कार्बन कॉपी एक सांगते, प्रिंटर दुसरं. सचिवांनी चहा मागवला आणि काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. दोन रात्री कार्बन कॉपीवरून दर टाकत बसले होते.

म्हणून दरपत्रकाच्या टेबलात जनावर, फॅट, एसएनएफ आणि दराबरोबर ‘लागू तारीख’ ठेव. गाईचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात, म्हशीचा ६ आणि ९ धरून. दोन्ही एकाच टेबलात जनावराच्या कॉलमानं वेगळे होतील. आणि प्रत्यक्ष दिलेला दर संकलनाच्या ओळीतही लिही. सर तिसऱ्या नॉर्मल फॉर्मचं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा न साठवण्याच्या त्याच मंत्राचं, नाव काढतील. त्यांना नम्रपणे सांग, की दरपत्रकातला दर हा नियम आहे आणि ओळीतला दर ही घडलेली गोष्ट. सचिव कधीकधी हातानं दर दुरुस्त करतात, तो कुठल्याही नियमातून काढता येत नाही. मार्क गेले तर दोन जातील.

उचल आणि पशुखाद्याची कपात मी मुद्दाम सोडते. ते तुझं तू काढ.

शेवटचं. मॉडेलवरून खरी टेबलं बनवायला ‘फॉरवर्ड इंजिनीअर’ वापरशील, तेव्हा पर्यायांच्या पानावर ‘ड्रॉप’ असा शब्द असलेली चौकट दिसेल. तिच्यात खूण केलीस तर असलेली टेबलं आधी पाडून मग नवी बांधली जातात, आतल्या नोंदींसकट. पहिल्या दिवशी काही बिघडत नाही. महिन्याभरानं एखादा कॉलम वाढवायचा असेल तेव्हा त्या वाटेला जाऊ नकोस. ‘सिंक्रोनाइझ मॉडेल’ घे. ते फरक काढून दाखवतं. दाखवलेलं वाच, मगच पुढे जा.

प्रश्न : रोपवाटिकेच्या गिऱ्हाइकांची यादी करतोय. मोबाइल नंबर टाकला की ‘आउट ऑफ रेंज’ येतं. कॉलम इंटचा, म्हणजे पूर्णांकाचा, आहे.
— वाचक, निफाड

उत्तर : इंटमध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतं. उणे संख्या सोडून दिल्या तरी ४२९४९६७२९५ पर्यंतच. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात, त्यामुळे एकही बसणार नाही. बिगइंट या मोठ्या पूर्णांकात बसेल, पण घालू नका. दोन गिऱ्हाइकांच्या नंबरांची बेरीज कधी करणार आहात का? व्हारकार २०, म्हणजे वीस अक्षरांपर्यंतचा मजकूर, ठेवा, म्हणजे पुढे अधिक ९१ लावलं तरी राहतं. नावाचा कॉलमही एकदा बघा. टेबल वर्कबेंचमध्ये केलं असेल तर ते आपणहून ४५ अक्षरं देतं आणि देवनागरीत नुसत्या ‘श्री’ची चार अक्षरं मोजली जातात : श, हलन्त, र, दीर्घ ई. पूर्ण नाव आणि वर पत्ताही त्याच कॉलमात कोंबायची सवय असेल तर तिथेही ‘डेटा टू लाँग’ म्हणत नोंद नाकारली जाईल.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक. नातवाच्या पुस्तकात ‘रिलेशनल डेटाबेस’ म्हणजे टेबलांमध्ये नाती असलेला डेटाबेस असं दिलं आहे. हे मला पटत नाही.
— वाचक, सातारा

उत्तर : सर, आपल्याला पटत नाही ते बरोबरच आहे. एडगर कॉड हे मूळचे गणिताचे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत असताना १९७० साली त्यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हा ‘रिलेशन’ हा शब्द संचसिद्धान्तातला होता, आपण फळ्यावर शिकवत होता तोच. एक आख्खं टेबल म्हणजे एक रिलेशन. एकच टेबल असलं, एकही रेघ नसली, तरी डेटाबेस रिलेशनलच. चौकोनांमधली नाती ही पीटर चेन यांची १९७६ सालची मांडणी. तिथे शब्द ‘रिलेशनशिप’. मराठीत दोन्हींना ‘संबंध’ म्हटलं की असा घोळ होतो. चेन यांच्या आकृतीत नात्यासाठी शंकरपाळ्यासारखा चौकोन असे आणि टोकांना १ आणि एन (म्हणजे अनेक). नातवाला ती एकदा काढून दाखवा. वरच्या शिरोळच्या मुलीच्या ‘उत्पादक’ आणि ‘संकलन’च्या मध्ये त्या शंकरपाळ्यात ‘घालतो’ एवढंच लिहायचं.