पीडियाट्रिक आयडीसाठी अमेरिकेला येऊ का? – माझं उत्तर

अगं, तू विचारलंस की एमडी पीडियाट्रिक्स झालंय, इन्फेक्शियस डिसीज आणि शिकवणं हेच करायचंय, मुलगी चार वर्षांची आहे, तर अमेरिकेत यावं का. सकाळपासून तेच डोक्यात होतं, राउंड संपल्यावर लिहायला बसले. स्टेपच्या परीक्षा, ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट, मॅच म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप, हे सगळं साइटवर मिळेल, ते मी नाही सांगत.

तुझं एमडी इथे धरत नाहीत. पुन्हा ३ वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत पीडियाट्रिक्सचं ट्रेनिंग, मग ३ वर्षं फेलोशिप, म्हणजे आयडीचं (इन्फेक्शियस डिसीजचं) ट्रेनिंग. पुण्यात मी शेकडो एलपी (पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढणं) केल्या होत्या, इथे माझ्याहून आठ वर्षांनी लहान सीनियर मला सुई कशी धरायची ते सांगायची आणि मी मान हलवायचे. आणि एवढं करून आयडीवाल्यांचा पगार बऱ्याचदा जनरल पीडियाट्रिशियनपेक्षाही कमी, त्यामुळे फेलोशिपच्या जागा रिकाम्या राहतात, ती मिळणं त्यामानाने सोपं.

खरा छळ जे-१ चा, म्हणजे ट्रेनिंगसाठीच्या व्हिसाचा. ट्रेनिंग संपलं की २ वर्षं भारतात परत, नाहीतर वेव्हर, म्हणजे त्या अटीतून सूट, त्याबदल्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात ३ वर्षं नोकरी. तिथे मला आयडीचं काम मिळालं नाही, एका छोट्या गावात कान दुखणं, खोकला आणि शाळेचे फॉर्म भरणं एवढंच केलं. शिकलेलं विसरतेय की काय या भीतीने रात्री जर्नल्स वाचत बसायचे. सही करण्याआधी वेव्हरचं नीट विचार, मी विचारलं नव्हतं.

आणि मुलगी. लसीचं कार्ड नीट घेऊन ये, आपल्याकडचा ९व्या महिन्याचा गोवराचा डोस इथे मोजत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचेच २ लागतात. ते ठीक आहे, शास्त्राला धरून आहे. पण शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात, मी अभिमानाने मराठी लिहिलं, तर माझ्या चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या पोरीला रोज तासभर इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वेगळ्या वर्गात बसवलं, मी दोनदा जाऊन भांडले, काही झालं नाही. एक दिवस घरी येऊन म्हणाली, आई तू मराठी का लिहिलंस. त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोललीच नाही. आता कॉलेजात आहे, कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत देते. याला बारा-तेरा वर्षं झाली गं, अजून फॉर्म दिसला की पोटात कालवतं.

एकटेपणा वाटतो, सवय होते, त्यावर फार विचार करू नकोस.

शिकवण्याचं मात्र मनापासून सांगते, ये. इथे २००० साली गोवर संपल्याचं जाहीर झालं होतं, रेसिडेंट्सनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला. २०२५ ला टेक्सासमध्ये साथ आली, लस न घेतलेली दोन मुलं गेली, तेव्हा आमच्या रेसिडेंट्सना गालाच्या आत दाढांसमोर कॉप्लिकचे ठिपके (गोवराची सुरुवातीची खूण) कसे शोधायचे, पुरळ कानामागून कसं उतरतं हे मी दाखवलं. मला ते कुठे शिकायला मिळालं? आपल्या वॉर्डात, आपल्या मुलांवर. हे मला आत कुठेतरी टोचतं, की त्यांच्या आजाराचं ज्ञान घेऊन मी इकडे आले.

दरवर्षी टीबी मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाच्या टीबीच्या) लेक्चरला मी एकच केस सांगते. तीन वर्षांचा मुलगा, उशिरा आणलेला, एक डोळा तिरळा झालेला, आई ऊसतोडीला जाणारी. औषध १२ महिन्यांचं, तिसरा महिना चालू होता आणि माझं जूनचं तिकीट होतं. मागच्या वर्षी एका रेसिडेंटने विचारलं, पुढे त्याचं काय झालं? मला माहीत नाही. मी फाईल कोणाकडे नीट सोपवलीच नव्हती, व्हिसाच्या धावपळीत राहून गेलं. तू येणार असशील तर तुझ्या बरेच महिने चालणाऱ्या औषधावरच्या मुलांची यादी कर, घरच्यांचे फोन नंबर लिही, आणि ज्याच्यावर तुझा विश्वास आहे अशा ज्युनियरच्या हातात देऊन मगच विमानात बस.