कुत्र्यासाठी मांसाचा नैसर्गिक खाऊ कसा निवडावा आणि किती द्यावा?

दीड वर्षाच्या, 10 किलो वजनाच्या तुमच्या कुत्रीची पाकिटातली रंगीत बिस्किटे बंद करून तिला वाळवलेल्या मांसाचा खाऊ सुरू करायचा आहे. त्यासाठी कोणते मांस घ्यावे, किती द्यावे आणि रोज दिले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या घरी 11 वर्षांपासून कुत्री आहेत आणि त्यांचा बहुतेक खाऊ मी स्वतः वाळवते. त्या अनुभवावरून सांगते, की रोज दिला तरी चालतो. मात्र कोणते मांस, यापेक्षा किती, हा प्रश्न आधी सोडवावा, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते.

कोंबडीच्या छातीच्या मांसात सुमारे 75 टक्के पाणी असते. 100 ग्रॅम ताजे मांस वाळवले की हातात साधारण 27-28 ग्रॅम उरते, पण त्यातल्या कॅलरी मात्र सगळ्या तशाच राहतात. म्हणून वाळलेली पट्टी हाताला हलकी लागली, तरी ती खाल्ली की पोटात त्याच्या जवळजवळ चौपट मांस गेले असे समजावे. खाऊतून मिळणाऱ्या कॅलरी दिवसाच्या एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवाव्यात, असे पशुवैद्य सर्वसाधारणपणे सांगतात. तुमच्या कुत्रीएवढ्या वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्रीला दिवसाला सुमारे 600 कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला 60 येतात. वाळवलेल्या चिकनच्या हिशेबाने हे फक्त 15 ग्रॅम झाले. सकाळीच तेवढे वजन करून एका डबीत काढून ठेवावे, घरातल्या प्रत्येकाने त्याच डबीतून द्यावे आणि तेवढ्या प्रमाणात जेवण कमी करावे. ही डबी ठेवायला लागल्यापासून आमच्या घरात ‘मी तर एकच दिला होता’ हे वाक्य ऐकू येईनासे झाले.

आता निवड. पाकिटावरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दावरून फारसे काही कळत नाही. पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचावी. माझ्या मते तिथे एकच नाव असावे, ते कोणत्या प्राण्याचे आणि शरीराच्या कोणत्या भागाचे मांस आहे हे स्पष्ट लिहिलेले असावे. ‘मांस व मांसजन्य पदार्थ’ अशा मोघम शब्दांचे पाकीट मी परत ठेवते. पट्टी महिनोन्‌महिने मऊ राहत असेल, तर त्यात बहुधा ग्लिसरीन किंवा साखर घातलेली असते. कांदा किंवा लसणाची पूड असेल तर तो खाऊ अजिबात घेऊ नये, कारण त्यांच्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशी फुटतात. चरबी कमी असलेले मांसच निवडावे. चरबीयुक्त खाण्याने काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि ते दुखणे जिवावर बेतू शकते. कुत्री सतत पंजे चाटत असेल किंवा तिचे कान वारंवार खाजत असतील, तर आधी पशुवैद्याशी बोलावे. अन्नाच्या ॲलर्जीत बीफ, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन ही नेहमी आढळणारी कारणे आहेत, आणि ॲलर्जी शोधण्यासाठी ठरावीक आहार चालू असताना खाऊचा एक तुकडासुद्धा आठवड्यांची मेहनत वाया घालवतो.

कलेजीसाठी कुत्री जीव टाकतात, त्यामुळे ती रोज द्यावीशी वाटते. परंतु कलेजीत अ जीवनसत्त्वाचा साठा असतो आणि ते दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात गेले, तर हाडांवर परिणाम होतो. मी ती आठवड्यातून दोनदाच देते, तीही अगदी थोडी.

टणक वस्तूंबद्दल मी जरा आग्रहाने लिहिते आहे, कारण त्याची किंमत आमच्या मोतीने मोजली आहे. हाड नैसर्गिक आहे, त्याने दातही साफ राहतील, या समजुतीने मी त्याला जनावराच्या मांडीचे जाड हाड चघळायला देत असे. एके दिवशी तो एकाच बाजूने चावतो आहे असे लक्षात आले. पशुवैद्यांनी त्याचा ओठ वर उचलून दाखवले, तेव्हा वरच्या सर्वांत मोठ्या दाढेची बाहेरची बाजू ढलपा निघावा तशी उडालेली होती आणि मधोमध एक गुलाबी ठिपका दिसत होता. तो ठिपका म्हणजे उघडी पडलेली नस होती. भूल देऊन ती दाढ काढावी लागली, आणि त्याआधी कित्येक दिवस तो मुकाट्याने ते दुखणे सोसत होता याची मला आजही हळहळ वाटते. तेव्हापासून अंगठ्याचे नख दाबल्यावर ज्यावर खूण उमटत नाही, अशी कोणतीही वस्तू मी कुत्र्याच्या तोंडात जाऊ देत नाही. शिजवलेले हाड तर कधीच देऊ नये. त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

घरी वाळवणे अवघड नाही. मांस अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवले की घट्ट होते आणि अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ काप सहज निघतात. धागा आडवा कापला, तर वाळल्यावर तुकडे बोटांनी मोडता येतात. यात एक पायरी मात्र वगळू नये: वाळवण्याआधी मांस शिजवून त्याचे आतले तापमान चिकनसाठी 74 अंश सेल्सिअसपर्यंत आणि इतर मांसासाठी 71 अंशांपर्यंत न्यावे. ओल्या मांसातून पाणी उडत असते तोवर ते वाळवण्याच्या यंत्रातल्या गरम हवेपेक्षा थंडच राहते, आणि वाळत गेलेल्या मांसातले जंतू उष्णतेला अधिक चिवट होतात. त्यामुळे नुसते वाळवल्याने ते मरतीलच असे नाही. शिजवल्यानंतर काप सुमारे 65-70 अंशांवर काही तास वाळवावेत. थंड झालेला काप वाकवून पाहावा. तो चामड्यासारखा वाकला तर आत ओल आहे, आणि काडीसारखा कट्‌कन मोडला तर तयार आहे. मी आठवडाभराचा खाऊ फ्रिजमध्ये आणि बाकीचा फ्रीझरमध्ये ठेवते.

विकतचा कच्चा, फ्रीझ-ड्राय केलेला खाऊ जंतुमुक्त असतो असा समज आहे, पण गोठवून वाळवल्याने साल्मोनेला मरत नाही. 2019 मध्ये अमेरिकेत डुकराचे वाळवलेले कान कुत्र्यांना देणाऱ्या घरांतली माणसे साल्मोनेलाने आजारी पडली होती, त्यामुळे खाऊ दिल्यावर साबणाने हात धुवावेत, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. त्याच देशात 2007 पासून पुढे अनेक वर्षे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या खाऊन कुत्री आजारी पडल्याच्या हजारो तक्रारी आल्या. त्यांपैकी काहींना फॅन्कोनी सिंड्रोम झाला होता. या मूत्रपिंडाच्या विकारात रक्तातली साखर योग्य असूनही ती लघवीतून जाऊ लागते. नेमके कारण निश्चित झाले नाही. म्हणून कुत्री अचानक जास्त पाणी पिऊ लागली आणि वारंवार लघवी करू लागली, तर पट्ट्या त्याच दिवशी थांबवून तिची लघवी तपासून घ्यावी.

देण्याची पद्धत निवडीइतकीच महत्त्वाची आहे. शिकवताना कुत्र्याला तुकडा केवढा आहे यापेक्षा तो किती वेळा मिळाला हे जास्त कळते, म्हणून मटाराच्या दाण्याहून मोठा तुकडा करू नये. 15 ग्रॅमचे असे पन्नासएक तुकडे सहज होतात. हवे ते वागणे घडल्यावर सेकंदभरात तुकडा तोंडात पडला पाहिजे, नाहीतर बसण्याचे बक्षीस उठण्याला मिळते. घरात ‘बस’ म्हटल्यावर जेवणातलाच दाणा पुरतो. सर्वांत आवडता खाऊ मी फक्त एका कामासाठी राखून ठेवला आहे: मोकळ्या मैदानात, समोर दुसरे कुत्रे असताना, हाक मारल्यावर परत येणे.

सुरुवातीला एकाच प्रकारचे दोन-तीन तुकडे द्यावेत आणि तीन दिवस शौच नीट होते का ते पाहून मगच प्रमाण वाढवावे. चघळण्याची लांब पट्टी दिलीत तर जवळून हलू नये, कारण बोटभर उरलेला शेवटचा तुकडा कुत्री अख्खा गिळायला पाहतात. तो हिसकावून घेऊ नये. नाकासमोर कलेजीचा तुकडा धरावा, ‘सोड’ म्हणावे, आणि तिने तोंड उघडून कलेजी घेतली की उरलेली पट्टी शांतपणे उचलून घ्यावी.